सूर्यकिरणांची साक्ष

माघ शुद्ध सप्तमीची पहाट झाली की आमच्या क्षेत्रातील घाटावर स्नानार्थींची वर्दळ सुरू होते. अंगणात सात घोड्यांच्या रथाची रांगोळी उमटते. तुळशीवृंदावनापाशी गोवऱ्यांचा विस्तव पेटतो, त्यावर मातीच्या बोळक्यात दूध चढते, आणि ते कोणत्या दिशेस उतू जाते इकडे घरातील आबालवृद्धांचे डोळे लागून राहतात. सूर्यनारायणाचे स्तवन करणारे थोर पुरुष आपल्याकडे पुष्कळ होऊन गेले. आज आम्ही स्तवन करणार नाही. सूर्याने स्वतःविषयी दिलेली साक्ष मनुष्याने कशी वाचली, त्याची हकीकत आम्ही सांगणार आहोत. आणि ती सांगण्यापूर्वी आमच्या हातून घडलेल्या एका प्रमादाची कबुली देणे आम्हांस प्राप्त आहे.

कीर्तनाच्या उत्तररंगास आख्यान लागते. रथसप्तमीच्या सुमारास कोकणात कीर्तने करताना आम्ही कित्येक वर्षे एक आख्यान रंगवीत असू. विजयदुर्गाचा किल्ला, भोवती उसळणारा सागर, १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण, किल्ल्यावर बांधलेले ओटे, तेथे दुर्बीण रोखून उभा असलेला नॉर्मन लॉकियर नावाचा इंग्रज ज्योतिर्विद, आणि त्या क्षणी त्याला सूर्यात सापडलेले हेलियम हे नवे मूलद्रव्य! ते ओटे आजही 'साहेबाचे ओटे' म्हणून दाखवितात. 'जगाला ठाऊक नसलेले द्रव्य आपल्या कोकणच्या भूमीवरून प्रथम दिसले', हे वाक्य आम्ही उच्चारले की सभामंडपात टाळ्यांचा कडकडाट होई, आणि त्या टाळ्यांनी आम्हीही सुखावून जात असू.

एके वर्षी कीर्तन आटोपून आरती-प्रसाद चालू असता एक वृद्ध निवृत्त शिक्षक जवळ आले. नमस्कार करून हळूच म्हणाले, "बुवा, निरूपण फार गोड झाले. पण लॉकियर १८६८ साली विजयदुर्गास नव्हते हो. ते तेव्हा इंग्लंडात होते. विजयदुर्गास ते आले १८९८ साली. मध्ये तीस वर्षे गेली."

आम्ही वरकरणी हसलो. परंतु त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. जन्मभर व्यासपीठावरून 'सत्य बोलावे' म्हणून जो लोकांस सांगत आला, त्याच्याच मुखातून इतकी वर्षे असत्य गेले की काय? पुढे आम्ही पुस्तके मिळविली, जाणत्यांस विचारले, आणि त्या शिक्षकांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. मात्र शोध घेता घेता जी खरी हकीकत हाती आली, ती आमच्या आख्यानाहून अधिक रसाळ निघाली. तीच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सात घोडे आणि सात रंग

प्रमादाचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट सांगून टाकू. सूर्यरथाचे सात घोडे म्हणजे प्रकाशाचे सात रंगच होत, असे निरूपण अनेक व्यासपीठांवरून ऐकू येते. ऋग्वेदात सूर्याच्या सात अश्वांचा उल्लेख आहे, हे खरे. ते अश्व म्हणजे काय, याचे उत्तर विष्णुपुराणाने दिले आहे. गायत्री, बृहती, उष्णिक्, जगती, त्रिष्टुभ्, अनुष्टुभ् आणि पंक्ती हे सात छंद म्हणजेच ते सात अश्व होत, असे तेथे सांगितले आहे. रंगांचा तेथे उल्लेख नाही. उलट इंग्लंडात आयझॅक न्यूटन यांनी १६६६ च्या सुमारास अंधाऱ्या खोलीत खिडकीच्या छिद्रातून आलेला किरण काचेच्या लोलकातून जाऊ दिला, आणि भिंतीवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा पट्टा उमटला, तेव्हा त्यात रंग सातच आहेत असे काही त्या पट्ट्याने सांगितले नव्हते. एक रंग दुसऱ्यात अखंड मिसळत जातो; मध्ये कुंपण नाही. न्यूटन यांनी संगीतातील सात स्वरांच्या साम्याने सात रंग मानले. म्हणजे त्यांचे सात स्वरांवरून आले आणि आपले सात छंदांवरून. योगायोग गोड आहे. परंतु योगायोगास प्रमाण म्हणू नये. आपल्या ग्रंथांचा मोठेपणा असल्या ओढाताणीवर अवलंबून नाही.

काळ्या रेषांचे कोडे

या रंगपट्ट्यास शास्त्रज्ञ वर्णपट म्हणतात. १८०२ साली वुलस्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञास सूर्याच्या वर्णपटात काही काळ्या रेषा दिसल्या. त्याने त्या पाहिल्या आणि सोडून दिल्या. त्यांचे खरे दर्शन घडले ते जर्मनीतील योझेफ फ्राउनहोफर यास. हा मुलगा लहानपणीच पोरका झाला आणि म्युनिक नगरीत आरसे करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीस राहिला. १८०१ साली ते घर कोसळले आणि तो ढिगाऱ्याखाली गाडला गेला; त्यातून जिवंत निघाला, आणि पुढे त्याच्या तोडीची निर्दोष काच करणारा युरोपात सापडेना. १८१४ साली त्याने आपल्या लोलकातून सूर्यप्रकाश पाहिला, तो वर्णपटभर काळ्या रेषाच रेषा! त्याने ५७४ रेषा मोजल्या आणि ठळक रेषांस रोमन अक्षरांची नावे दिली. पिवळ्या रंगातील एका जोडरेषेस त्याने 'डी' म्हटले; ही जोडी वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम आहे. शुक्राच्या प्रकाशात त्याला सूर्याच्याच रेषा आढळल्या. व्याधाच्या ताऱ्यात मात्र निराळ्या. परंतु या रेषांचा अर्थ काय, हे न कळताच १८२६ साली, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी, तो निवर्तला.

अर्थ कळणे अशक्यच आहे, असे म्हणणारेही होते. ऑग्युस्त कोंत हे फ्रान्सातील मोठे तत्त्वज्ञ. त्यांनी १८३५ साली असे मत मांडले की ताऱ्यांचे आकार, अंतरे आणि गती आपण मोजू शकू, परंतु ते कोणत्या द्रव्यांचे घडले आहेत हे मनुष्यास कोणत्याही उपायाने कधीच कळणार नाही. वरवर पाहता यात चूक ती काय? तारा तोडून आणून मुशीत घालणार कोण? कोंत १८५७ साली वारले, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी त्यांचे विधान खोटे ठरले.

स्वयंपाकघर आणि पर्वत

१८५९ साली हायडेलबर्ग येथे गुस्टाफ किर्खोफ हे पदार्थवैज्ञानिक आणि रॉबर्ट बुन्सेन हे रसायनशास्त्रज्ञ एकत्र काम करीत होते. बुन्सेन यांच्या गॅसच्या जवळजवळ वर्णहीन ज्योतीत निरनिराळे क्षार घालावेत आणि ज्योतीचा प्रकाश लोलकातून पाहावा, असा त्यांचा उद्योग चाले. तेव्हा आढळले की तापून वायुरूप झालेले प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या जागी तेजस्वी रेषा उमटविते. एकाच्या रेषांचा संच दुसऱ्याशी जुळत नाही. मिठातील सोडियम दोन पिवळ्या रेषा देते, आणि त्या नेमक्या फ्राउनहोफरच्या 'डी' जोडीच्या जागी पडतात.

हा प्रयोग प्रत्येक गृहिणीने नकळत केलेला आहे. गॅसच्या निळ्या ज्योतीवर मीठ घातलेले वरण उतू गेले, की ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. ती सोडियमची पिवळाई. येथे एक भेद मात्र ध्यानात घ्यावा. आज अंगणात दुधाखाली पेटलेल्या गोवरीची ज्योतही पिवळीच असते, परंतु तो पिवळेपणा मुख्यतः काजळीच्या तापलेल्या कणांचा असतो. लोलकातून पाहिल्यास त्यात सर्व रंगांचा अखंड पट्टा दिसेल, तर मिठाच्या ज्योतीत पिवळ्या रेषा ठळकपणे वेगळ्या उठून दिसतील. डोळ्यांस दोन्ही पिवळेच. लोलकास ते भिन्न.

यापुढे किर्खोफ यांनी सूर्यप्रकाश मिठाच्या ज्योतीतून जाऊ दिला. सूर्यप्रकाशात जेथे काळ्या रेषा आहेत, तेथे ज्योतीच्या पिवळ्या रेषा पडून ती जागा भरून निघेल, अशी अपेक्षा होती. झाले उलटेच, 'डी' रेषा अधिकच काळ्या झाल्या. तेव्हा उलगडा झाला की जो वायू जो रंग देऊ शकतो, तोच रंग तो मागून येणाऱ्या अधिक प्रखर प्रकाशातून शोषूनही घेतो. सूर्याच्या उष्ण पृष्ठभागातून निघालेला अखंड प्रकाश त्याच्यावरील तुलनेने थंड वायुथरातून बाहेर पडताना, तेथील प्रत्येक मूलद्रव्य आपापला वाटा काढून घेते. ते रिकामे राहिलेले वाटे म्हणजेच काळ्या रेषा. म्हणजे सूर्यावर सोडियम आहे. लोह आहे. कॅल्शियम आहे. १४ कोटी ९६ लाख किलोमीटर अंतरावरील वस्तूची परीक्षा टेबलावर झाली! याच रीतीने या दोघांनी पृथ्वीवरील दोन नवी मूलद्रव्येही शोधली. १८६० साली निळ्या रेषांवरून सीझियम आणि १८६१ साली गडद तांबड्या रेषांवरून रुबिडियम.

न्यायशास्त्र शिकलेल्यास येथे तर्कसंग्रहातील दृष्टांत आठवल्यावाचून राहणार नाही. पर्वतावर धूर दिसला तर तेथे अग्नी आहे असे अनुमान करता येते, का? तर धूर आणि अग्नी यांचे साहचर्य आपण आधी स्वयंपाकघरात पाहिलेले असते म्हणून. किर्खोफ यांचे अनुमान याच जातीचे आहे. प्रयोगशाळेतील ज्योत हे त्यांचे स्वयंपाकघर, आणि सूर्य हा पर्वत. आमच्या पूर्वजांस वर्णपट ठाऊक होता, असे आम्ही म्हणत नाही. परंतु स्वयंपाकघरात पाहिल्यावाचून पर्वताविषयी बोलू नये, हा नियम मात्र त्यांस पक्का ठाऊक होता.

रेषा अशा ठरलेल्या जागीच का पडतात, याचे कारण १९१३ साली डेन्मार्कचे नील्स बोर यांनी सांगितले. घाटावर उभे राहायचे तर या पायरीवर किंवा त्या पायरीवर. दोन पायऱ्यांच्या मध्ये अधांतरी कोणी उभा राहत नाही. अणूतील इलेक्ट्रॉनांचेही तसेच. त्यांस ठरलेल्या ऊर्जेच्या पायऱ्या असतात. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरताना इलेक्ट्रॉन जेवढी ऊर्जा सोडतो, तेवढ्याच ऊर्जेचा, म्हणजे एकाच ठरावीक रंगाचा, प्रकाश बाहेर पडतो. तेवढीच ऊर्जा घेतली तर तो वर चढतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या घाटाच्या पायऱ्यांची उंची निराळी, म्हणून रेषाही निराळ्या.

दोन ग्रहणे

आता १८६८ सालाकडे वळू. त्या वर्षी १८ ऑगस्ट रोजी खग्रास ग्रहणाची छाया भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून शिरून पूर्वेस मसुलीपट्टणकडे गेली. खग्रास स्थिती पाच मिनिटांहून अधिक टिकणारी. ग्रहणात चंद्राच्या काळ्या बिंबाभोवती तांबूस ज्वाळांसारखी जी शृंगे दिसतात, ती काय आहेत, हा त्या वेळचा प्रश्न होता. वर्णपटदर्शक घेऊन जमखंडीस लेफ्टनंट जॉन हर्शेल, मसुलीपट्टणास मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन, आणि गुंटूर येथे फ्रान्सचे पियेर जान्सन असे निरीक्षक सिद्ध होते. त्यांस तेजस्वी रेषा दिसल्या. म्हणजे ती शृंगे तापलेल्या वायूची आहेत हे सिद्ध झाले. जान्सन यांस त्या रेषा इतक्या ठळक दिसल्या की ग्रहणाची वाट न पाहताही त्या दिसाव्यात असे त्यांच्या मनाने घेतले. आणि दुसऱ्याच दिवशी भर उन्हात त्यांनी त्या पाहिल्या.

आणि लॉकियर? ते इंग्लंडच्या युद्धखात्यात कारकून होते; ज्योतिषाचा त्यांस छंद. ग्रहणाविना ही शृंगे पाहता येतील, असे त्यांनी पूर्वीच म्हटले होते. परंतु हवा तसा वर्णपटदर्शक तयार होऊन हाती येण्यास उशीर लागला. २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडातूनच त्यांनी त्या रेषा पाहिल्या. जान्सन आणि लॉकियर या दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या एकाच सभेत वाचली गेली. श्रेयासाठी भांडण झाले नाही. फ्रान्सच्या सरकारने दोघांच्या मुद्रा असलेले एकच पदक पाडले.

त्या रेषांत एक पिवळी रेषा होती. ती सोडियमच्या जोडीचीच असावी, असे प्रथम अनेकांस वाटले. लॉकियर यांनी काटेकोर मापन केले, तेव्हा ती जोडीच्या किंचित बाजूस पडते असे दिसले. सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या, ही ५८७.६ ची. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. एवढ्याशा अंतरावरून प्रश्न उभा राहिला. ही रेषा ना सोडियमची, ना ठाऊक असलेल्या दुसऱ्या कोणत्या द्रव्याची. तेव्हा सूर्यवाचक ग्रीक 'हेलिऑस' शब्दावरून या अज्ञात द्रव्यास हेलियम नाव मिळाले, आणि १८७१ साली विल्यम टॉमसन यांनी ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात ते जाहीरपणे उच्चारले.

परंतु येथे दृष्टांताचे स्वयंपाकघरच नव्हते! पृथ्वीवर ते द्रव्य कोणी पाहिले नव्हते. धूर दिसत होता, पण असा धूर देणारा अग्नी कोठे आढळलेला नव्हता. म्हणून पुष्कळ शास्त्रज्ञ ते मानीत नसत, आणि त्यांचे न मानणे अयोग्य म्हणता येत नाही. शेवटी १८९५ च्या मार्चमध्ये लंडनला विल्यम रॅम्झी यांनी क्लीव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूचा वर्णपट पाहिला. त्यात तीच पिवळी रेषा! सत्तावीस वर्षांनी पर्वतावरचा अग्नी स्वयंपाकघरात सापडला. आज रुग्णालयांतील एमआरआय यंत्राचे लोहचुंबक उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवण्यास हेच द्रव्य द्रवरूपात वापरतात.

यानंतर तीन वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ रोजी, भारतात पुन्हा खग्रास ग्रहण लागले. त्या वेळी मात्र लॉकियर खरोखरच विजयदुर्गास आले. ब्रिटिश आरमाराच्या 'मेल्पोमिनी' जहाजावरील खलाशी त्यांच्या मदतीस होते. साहेबाचे ओटे त्या ग्रहणाची आठवण सांगतात. लोकस्मृतीने १८६८ आणि १८९८ एकत्र विणले, आणि आमच्यासारख्यांनी ते वस्त्र पारखून न घेता पांघरले, एवढेच.

न सापडलेले द्रव्य

'असो, हेलियम शेवटी खरेच निघाले ना, मग वर्षांचा घोळ झाला तर काय बिघडले?' असे कोणी म्हणेल. त्यास दुसऱ्या एका रेषेची गोष्ट सांगतो. ७ ऑगस्ट १८६९ रोजी अमेरिकेतून दिसलेल्या खग्रास ग्रहणात यंग आणि हार्कनेस या दोघांस सूर्याच्या शुभ्र किरीटात, म्हणजे सर्वांत बाहेरच्या प्रभामंडळात, एक हिरवी रेषा आढळली. तीही कोणत्या ज्ञात द्रव्याशी जुळेना. तेव्हा तिच्यासाठीही नव्या द्रव्याची कल्पना झाली आणि त्यास 'कोरोनियम' नाव पडले. युक्तिवाद तोच, पुरावा त्याच जातीचा, विद्वानही तितकेच थोर. परंतु कोरोनियम पृथ्वीवर कोठेही सापडेना.

सत्तर वर्षांनी, १९३९ च्या सुमारास, जर्मनीचे ग्रोट्रियान आणि स्वीडनचे एडलेन यांनी कोडे सोडविले. ती हिरवी रेषा लोखंडाची होती! आपल्या विळीचे, तव्याचे लोखंड. परंतु किरीटाचे तापमान दहा लाख अंशांहून अधिक असल्यामुळे तेथील लोहाच्या अणूने आपल्या २६ इलेक्ट्रॉनांपैकी १३ गमावलेले असतात, आणि असा अर्धा उघडा पडलेला अणू निराळ्याच रेषा देतो. कोरोनियम नावाचे द्रव्य कधी नव्हतेच.

प्रकाशाने दोन्ही वेळा खरीच साक्ष दिली. हेलियमच्या वेळी वाचणाऱ्याचा अर्थ बरोबर निघाला, कोरोनियमच्या वेळी चुकला. आणि कोणता अर्थ बरोबर हे त्या काळी नुसत्या तर्काने कोणासच सांगता आले नसते. पृथ्वीवरच्या वस्तूशी ताडून पाहिल्यावरच ते कळले. गोड वाटणे हे सत्याचे लक्षण नव्हे, हा धडा आम्हांस व्यासपीठावर उशिरा मिळाला. वर्णपटविज्ञानास तो फार पूर्वी मिळाला.

आपला भारत या कामात केवळ ग्रहणाची जागा देऊन थांबला नाही. १९२० साली कलकत्त्याच्या मेघनाद साहा यांनी तापमान आणि दाब यांनुसार अणू किती प्रमाणात इलेक्ट्रॉन गमावतात, याचे समीकरण मांडले. एखाद्या ताऱ्यात अमुक रेषा ठळक म्हणजे ते द्रव्य तेथे विपुल, असा सरळ हिशेब चालत नाही, हे त्यामुळे स्पष्ट झाले. याच समीकरणाच्या आधारे १९२५ साली अमेरिकेत सेसिलिया पेन या पंचविशीतील विदुषीने काढले की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम यांचे आहेत. त्या काळी सूर्याची घडण पृथ्वीसारखीच असावी, असा ज्येष्ठांचा समज होता. हेन्री रसेल या मान्यवर ज्योतिर्विदाच्या सल्ल्यावरून तिने आपल्याच प्रबंधात तो निष्कर्ष बहुधा खरा नसावा, असे लिहून ठेवले. परंतु १९२९ साली रसेल स्वतः निराळ्या मार्गाने तेथेच पोहोचले आणि पेन यांचे म्हणणे त्यांनी मान्य केले. सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे पाऊण भाग हायड्रोजन आणि सुमारे चतुर्थांश हेलियम, हे आज सर्वमान्य आहे. प्रमाण बलवान असेल तर ज्येष्ठानेही मान तुकवावी, हा त्यातील बोध.

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यासच चंद्रशेखर वेंकट रामन यांना आढळले की एकरंगी प्रकाश पदार्थातून विखुरताना त्याचा अल्पसा अंश आपला रंग बदलतो, आणि तो बदल त्या पदार्थाच्या रेणूंच्या कंपनांवर अवलंबून असतो. त्यामुळे वस्तू न जाळता, न फोडता तिची ओळख पटविता येते. आज रत्न खरे की खोटे, औषधात भेसळ आहे काय, जुन्या चित्रातील रंग कशाचा, हे या रामन परिणामाच्या साहाय्याने तपासतात. ताऱ्यांसाठी निघालेली विद्या अशी सराफाच्या दुकानापर्यंत येऊन पोहोचली.

आणि ती हिरवी रेषा? २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेले आपले 'आदित्य-एल१' यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील आपल्या स्थानी पोहोचले. त्यातील बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने घडविलेला किरीटदर्शक स्वतःच कृत्रिम ग्रहण घडवून त्याच ५३०.३ नॅनोमीटरच्या लोहरेषेचे वेध घेण्यासाठी बांधलेला आहे. त्याच यानावरील अतिनील दुर्बीण पुण्याच्या 'आयुका' संस्थेची आहे.

पुन्हा विजयदुर्गाकडे

आमचा प्रमाद ध्यानात आल्यानंतर, ज्या उत्सवात आम्ही तो वारंवार केला होता, तेथेच पुढल्या वर्षी आम्ही उभे राहिलो आणि उत्तररंगात सारे कबूल केले. मंडपात शांतता पसरली. कीर्तनानंतर एक गृहस्थ दुखावलेल्या स्वराने म्हणाले, "बुवा, आमच्या किल्ल्याचा एवढा मोठा मान आपण काढून घेतलात."

आम्ही त्यांस म्हणालो, "नव्हे. खोटा मान होता तो उतरविला. खरा आहे तो ऐकून घ्या. १८९८ च्या त्या ग्रहणात आपल्या महाराष्ट्रात दोन ठिकाणी जगातील मोठमोठे ज्योतिर्विद जमले होते. विजयदुर्गास लॉकियर, आणि सोलापूरकडील जेऊर येथे अमेरिकेचे कँपबेल व पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील आपले कावसजी दादाभाई नायगमवाला. नायगमवालांनी पुण्यास महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारली. तिची वीस इंची दुर्बीण त्या काळी देशातील सर्वांत मोठी. त्या ग्रहणातील वेधांनी किरीटाच्या हिरव्या रेषेची जागा दुरुस्त झाली. तीस वर्षांपूर्वीच्या लोकांनी तिची जी जागा मानली होती, ती थोडी चुकलेली होती. आणि ती दुरुस्त झाल्यावाचून ते कोडे पुढे सुटतेच ना. नवे द्रव्य सापडण्याचा मान नसेल आपला. परंतु एक जुनी चूक दुरुस्त झाली ती आपल्या भूमीवरच्या वेधांनी. हा मान लहान आहे काय?"

गृहस्थ काही बोलले नाहीत. पण निघताना त्यांनी आमच्याकडून नायगमवालांचे नाव एका कागदावर लिहून घेतले, आणि तो कागद नीट घडी करून खिशात ठेवला. त्या रात्री टाळ्या पडल्या नव्हत्या, तरी आम्हांस स्वस्थ झोप लागली.

आज अंगणातील दूध उतू गेले, की मुलांस जवळ बोलवावे. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये हे त्यांस आवर्जून सांगावे. मग घरातील एखादी जुनी सीडी त्यांच्या हाती देऊन तीवर एकदा पेटत्या मेणबत्तीचा आणि एकदा ट्यूबलाइटचा प्रकाश तिरपा पाडून दाखवावा. एकात रंगांचा अखंड पट्टा दिसेल. दुसऱ्यात काही रंग वेगळे, तुटक, ठळक उमटलेले दिसतील. दोन्ही दिवे उजेडच देतात, मग हा फरक का, असे ते विचारतील. उत्तर ठाऊक असेल तर सांगावे. नसेल तर आपण दोघे मिळून शोधू, असे म्हणावे. परंतु गोड लागेल म्हणून काहीतरी रचून सांगू नये. सूर्यनारायणासमोर उभे राहून एवढे व्रत आम्ही घेतले आहे.